नाशिक: तबेल्याच्या सकाळचं घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

रपेट_गिरणारे
नमस्कार मंडळी. गिरणारे रस्त्याला आमची छोटी रायडिंग स्कूल आहे, मी आणि नवरा मिळून चालवतो. ११ घोडे, त्यातले ९ आमचे आणि २ मालकांनी सांभाळायला दिलेले. कामाला चार माणसं. सकाळची पहिली बॅच साडेसहाची, ७ घोडे लागतात, आणि ती बॅच गेल्या तीन महिन्यांत साडेसहाला एकदाही सुरू झालेली नाही. माणसं आळशी अजिबात नाहीत, पाचला उठतात, सारखी धावत असतात. पण सव्वासहाला बघावं तर तीन घोडे अजून बिनखोगिराचे, एकाचा तंग (खोगिराचा पट्टा) सापडत नाही, एकाचा खरारा (ब्रशनं अंग साफ करणं) राहिलाय आणि गेटवर पोरं हेल्मेट शोधतायत.

हे चाललं असतं कदाचित. पण मंगळवारी आमच्या चांदणीला दोनदा चंदी (दाण्याचा खुराक) पडली. एकानं पाचला दिली, दुसऱ्यानं साडेपाचला, कारण पहिला लीद काढायला मागं गेला होता आणि विचारायला समोर कोणी नव्हतं. दुपारी ती पोटाकडे वळून वळून बघायला लागली, मग पाय आपटायला लागली, मग लोळायला. पोटशूळ. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली, रात्री अकरापर्यंत मी तिला धरून थोडं थोडं चालवत होते. पहाटे तिनं लीद टाकली तेव्हा मी तिथंच बसून रडले.

म्हणून विचारतेय. ज्यांनी तबेला, गोठा, हॉस्टेल, कारखाना, काहीही चालवलंय त्यांनी सांगा, दिवस बसवायचा कसा? माणूस वाढवायला सध्या पैसे नाहीत.

मखमलाबाद_नाका
चांदणी आता कशी आहे ते आधी सांगा.

रपेट_गिरणारे
बरी आहे. चारा खातेय, लीद नीट आहे. चंदी बंद आहे अजून, हळूहळू सुरू करायला सांगितलंय.

देवळाली_कॅम्प
ताई, माझी नोकरी फौजेत गेली, घोड्यांशी संबंध आला तो तिथंच. तुमचा घोटाळा एका वाक्यात सांगतो, घोड्याला मालक नाही. चारी माणसं अकराही घोड्यांचं सगळं करतात, म्हणजे कोणीच कोणाचं करत नाही. प्रत्येकाला घोडे वाटून द्या. तीन, तीन, तीन आणि दोन. त्याचं पाणी, चारा, चंदी, खरारा, खूर, खोगीर सगळं त्याच माणसाकडे. मग चांदणीला दोनदा चंदी पडायचा प्रश्नच येत नाही. दोन घोडेवाल्याकडे बाकीचं सामान आणि मैदान.

सातपूर_शिफ्ट
साहेबांशी अर्धा सहमत. मी कारखान्यात लाइन बसवायचं काम करतो, घोड्यातलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगतो. पण पाचला उठलेली चार माणसं दीड तासात ७ घोडे तयार करू शकत नसतील तर वेळ कामात जात नाहीये, चालण्यात जातोय. ताई एक काम करा. उद्या सकाळी काही बदलू नका, कोणाला काही बोलू नका. वही घेऊन कोपऱ्यात बसा. एकाच माणसाच्या मागे लागा, तो कुठून कुठं गेला, हातात काय होतं, रिकामा आला की भरून आला, एवढंच लिहा. तबेल्याचा नकाशा काढून त्यावर पेन्सिलनं रेघ ओढत गेलात तर अजून बरं. शेवटी त्या कागदावर जिथं काळंकुट्ट झालेलं दिसेल तिथं तुमचं घोडं पेंड खातंय.

आई_साडेसहा_बॅच
तुमच्याकडे नाही पण अशाच एका ठिकाणी माझी मुलगी जाते. पालकांच्या बाजूनं लिहिते. सात वाजले तरी चालतं हो, पण मग तिची शाळेची बस चुकते. आणि उशीर झाला की शिकवणारे घाईत असतात, त्या दिवशी मला खरी भीती वाटते. मागे एकदा तिचा तंग सैल राहिला होता, खोगीर फिरलं, पडली. हातावर निभावलं. त्यामुळे वेळेचा प्रश्न नुसता वेळेचा नाहीये एवढं लक्षात घ्या.

पशुवैद्य_सिन्नर
चांदणी वाचली, बरं वाटलं. दोन-तीन गोष्टी स्पष्ट लिहितो कारण इथं बरेच जण घरी एखाददुसरा घोडा ठेवणारेही असतील.

घोड्याला उलटी होत नाही. जठर अंगाच्या मानानं लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. गाईसारखी चार कप्प्यांची सोय नाही. त्यामुळे जास्तीची चंदी पोटात गेली की ती वरून परत यायचा रस्ता नाही, पुढं जाऊन आतड्यात आंबते, गॅस होतो, आणि पोटशूळ नाही झाला तरी खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. चांदणीच्या खुरांना हात लावून बघत राहा आठवडाभर, गरम लागले किंवा ती पुढचे पाय अवघडून टाकायला लागली तर लगेच फोन करा.

आता तुमच्या वेळापत्रकाबद्दल. पाचला चंदी आणि साडेसहाला रपेट हे मुळातच चुकतंय. चंदीनंतर निदान दोन तास तरी मेहनत नको, आणि तुमची उशिरा पडलेली चंदी साडेपाचची म्हणजे तासाभरातच घोडा मैदानात. सकाळची चंदी बॅच संपल्यावर घोडा थंड झाल्यावर द्या, साडेआठ-नऊला. पहाटे फक्त सुकं गवत. थोडं गवत पोटात असलेलं चांगलंच, जठरात आम्ल सारखं तयार होत असतं, रिकाम्या पोटी पळवलं तर ते वरच्या भागाला लागतं आणि अल्सर होतात. एका दिवसात बदलू नका मात्र, आठ-दहा दिवस घ्या.

रपेट_गिरणारे
डॉक्टर, म्हणजे पहाटेचं चंदीचं कामच निघून जाईल? भिजवलेला हरभरा उपसणं, मोजणं, ११ ठिकाणी देणं यात माझा एक माणूस अर्धा तास अडकतो.

पशुवैद्य_सिन्नर
पहाटेचं निघून जाईल. नऊला करायला तुमच्याकडे वेळच वेळ आहे.

देवळाली_कॅम्प
डॉक्टरसाहेब, पोटात दाणा नसताना कामाला काढायचा हे आमच्या जुन्या माणसांना पटायचं नाही. दम लागतो घोड्याला.

पशुवैद्य_सिन्नर
साहेब, तासभर दुडकी आणि थोडी चौखुर करणाऱ्या शाळेच्या घोड्याला आदल्या दिवशीचं खाणं पुरतं. दम लागत असेल तर चारा कमी पडतोय का बघावं. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज पोटात गेला पाहिजे, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला ५ ते ७ किलो. बऱ्याच ठिकाणी चारा कमी आणि दाणा जास्त असतो, कारण दाणा द्यायला सोपा.

मखमलाबाद_नाका
आमचे आजोबा टांगा चालवायचे. तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) बांधला की घोडा आणि आजोबा दोघं गप्प, असं आजी सांगायची.

जुना_कॅडेट
मी भोसला मिलिटरी स्कूलचा, डॉ. मुंजेंनी १९३७ साली काढलेल्या शाळेत घोड्यावर बसायला शिकलो याचा मला फार अभिमान आहे. माझा मुद्दा वेगळाय. खरारा आणि खोगीर तुमची माणसं का करतात? पोरांना सव्वासहाला बोलवा आणि त्यांच्याकडून करून घ्या. ज्या घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही त्याच्यावर बसू नये असं मला मनापासून वाटतं. खरारा करताना जखम दिसते, खुरात अडकलेला खडा दिसतो, घोडा आज कुठल्या मूडमध्ये आहे ते कळतं. तुमचं कामही वाचेल.

आई_साडेसहा_बॅच
आठ वर्षांच्या मुलीनं खोगीर उचलायचं? आणि फी रायडिंगची भरतो ना आपण.

जुना_कॅडेट
उचलायचं नाही ताई, ब्रश करायचा. खोगीर मोठ्यांनी टाकायचं, तंग मुलीनं तपासायचा. तिच्या पडण्याचं तुम्ही वर लिहिलंय म्हणून म्हणतो. स्वतः तंग बघायला शिकलेली मुलगी सैल तंगावर बसणार नाही.

आई_साडेसहा_बॅच
हं. हे पटतंय.

रपेट_गिरणारे
सातपूर_शिफ्ट, वही केली. काय सांगू. दोन दिवस बसले, नकाशा पार काळा झाला.

आमची सामानाची खोली गेटजवळ आहे, कारण येणाऱ्या लोकांना छान दिसावी म्हणून आम्हीच तिथं बांधली. तिथून ठाणी (घोडे बांधायच्या जागा) सरासरी ६२ पावलं. एका घोड्यासाठी तीन फेऱ्या होतात, एकदा ब्रशचा डबा, एकदा खोगीर, एकदा लगाम, कारण खोगीर घेतल्यावर हातात दुसरं मावत नाही. ७ घोडे धरले तर २६०० पावलं, नुसती सामान आणायला. आणि लीद! घमेल्यानं काढतात, घमेलं भरलं की मैदानाच्या पलीकडच्या खड्ड्यावर. ३४ फेऱ्या मोजल्या. जाऊन येऊन १८० पावलं. सहा हजारांच्या वर झाली. म्हणजे माझा माणूस उजाडायच्या आधी चार-साडेचार किलोमीटर घमेलं घेऊन चालतोय आणि मी त्याला म्हणत होते आवर लवकर. मला फार वाईट वाटलं त्याचं.

सातपूर_शिफ्ट
वाईट वाटून घेऊ नका, लगेच दुरुस्त करा. एक, एकचाकी ढकलगाडी. एका वेळी ६०-७० किलो जाईल, ३४ च्या पाच-सहा फेऱ्या होतील. चाक हवेचं घ्या, पत्र्याचं चाक पावसाळ्यात रुततं. दोन, फेरी खड्ड्याकडच्या ठाण्यापासून सुरू करू नका, ते ठाणं शेवटी ठेवा म्हणजे गाडी भरत भरत खड्ड्याकडे येते, भरलेली गाडी कमीत कमी ढकलायची. तीन, खोगिरांसाठी चार चाकांची फ्रेम बनवून घ्या, वर सात आडवे पाइप, खाली हुक लगामांना, फळीवर ब्रशचे डबे. आमच्या अंबड-सातपूरला कोणीही फॅब्रिकेटर करून देईल. पहाटे एक फेरी, सगळं ठाण्यांपुढं. चार, कोणत्या घोड्याला काय दिलं ते लिहायला एक फळा.

देवळाली_कॅम्प
फ्रेम चांगली कल्पना. पण खोगिरावर नंबर पाहिजे. खोगीर ज्याचं त्याचंच, आलटून पालटून टाकलं की पाठी लागतात. आणि ब्रश, खरारा, पाठीवरचं कापड हेही ज्याचं त्याला. एकाला गजकर्ण झालं की आठवड्यात सगळ्यांना होतं, भोगलंय.

द्राक्षबाग_दिंडोरी
मी उशिरा आलो चर्चेत. ताई ती लीद तुम्ही काय करता? आम्हाला बागेला सेंद्रिय खत लागतं, एप्रिल छाटणीच्या आधी तर सगळीकडे मागणी. फक्त ताजी लीद नको, फार उष्ण असते, मुळं पोळतात. दोन-तीन महिने कुजवलेली, मधे एकदा उलटलेली हवी. तुम्ही खड्ड्याऐवजी रस्त्याच्या कडेला दोन सिमेंटचे हौद बांधा, एक भरायचा एक कुजायचा, आमचा ट्रॅक्टर थेट हौदाला लागेल, भरायला माणसं आमची.

रपेट_गिरणारे
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही उलट पैसे देऊन नेऊन टाकायचो.

सातपूर_शिफ्ट
हौद रस्त्याकडे आला तर तुमचं लीदीचं अंतरही निम्मं होतं का बघा. नकाशावर मोजा आधी, मग बांधा.

पशुवैद्य_सिन्नर
हौद ठाण्यांच्या अगदी जवळ नको. माश्या. पावसाळ्यात घोडमाश्यांमुळे सर्रा पसरतो, ताप येतो जातो, घोडा वाळत जातो, वेळेत रक्त तपासलं नाही तर हातचा जातो. घोडमाशीची पैदास ओल्या जागेत, चिखलात, म्हणून पाण्याच्या हौदाखालचा चिखल आधी बुजवा. लीदीवर वाढते ती चावरी तबेलामाशी, ती घोड्याला उभं राहू देत नाही. आणि दिंडोरीकर, तुम्हाला विनंती, फवारलेल्या बागेतलं तण कोणाच्या घोड्याला कापून देऊ नका, लोक आपुलकीनं आणून देतात.

द्राक्षबाग_दिंडोरी
नाही देत डॉक्टर. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारलेल्या बागेत आम्ही शेळीपण सोडत नाही.

सारंगखेडा_दरवर्षी
धागा वाचून छान वाटतंय. मी तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला दरवर्षी दत्तजयंतीला जातो, मारवाडी, काठेवाडी बघायला. ताई पुढच्या खेपेला चला, तुमच्या शाळेला एक शांत भीमथडी मिळाली तर बघू, आपल्या दख्खनची जात, काटक, मुलांना उंचीलाही बरी.

पशुवैद्य_सिन्नर
जरूर जा, पण आणलेला घोडा थेट ठाण्यात बांधू नका. तीन आठवडे वेगळा, पाण्याची बादली वेगळी, माणूस शक्यतो वेगळा आणि नसेल तर त्या घोड्याचं काम दिवसात सगळ्यात शेवटी. ग्लँडर्सचं रक्त तपासून घ्या, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात. हा रोग माणसालाही होतो आणि घोड्यात निघाला तर कायद्यानं तो घोडा मारावा लागतो. वेळापत्रक बसवताना या वेगळ्या ठाण्याची जागा आत्ताच ठरवा.

लेक_मोतद्दाराची
माझे वडील ३० वर्षं एका मोठ्या पागेत मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) होते, आता घरी असतात, ओझरला. मी त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते बोलले तसंच टाइप करतेय.

"त्या बाईला सांग, समदं बरोबर सांगू राह्यले लोकं. गाडी घ्या, फळा लावा, समदं करा. पण सकाळी उठल्या उठल्या झाडू नका घेऊ हातात. आधी मोकळ्या हातानं एक चक्कर मारा. बोलायचं नाही, बॅटरी डोळ्यावर मारायची नाही. रातचं गवत खाल्लं का, बादली किती उतरली, लीद किती पडली अन् कशी पडली, कोन्या पायावर भार देऊ राह्यला, कान कुठं. लीद आधी काढून टाकली तर मग काय बघणार तुम्ही? ती लीद म्हणजे घोड्याची चिठ्ठी हाये रातभराची. मी रोज धा मिनिटं बघायचो अन् मगच कामाला हात लावायचो. आमचे सायब म्हणायचे उभा काय राह्यलास, मी म्हणायचो सायब घोडा वाचू राह्यलो. रातच्याला शेवटचं गवत नऊला टाकत जा, सहाला टाकून झोपले तर जनावर रातभर उपाशी उभं राहतं मग लाकूड कुरतडतं अन् सकाळी दाराला लाता मारतं. लाता मारायला लागलं का माणूस घाबरून आधी दाणा टाकतो. तिथं चूक होती."

रपेट_गिरणारे
बाबांना माझा नमस्कार सांगा. शेवटचं वाक्य वाचून मी थांबलेच. अगदी हेच होतं आमच्याकडे. शेवटचा चारा साडेसहाला, आणि पहाटे चांदणीच दाराला लाता मारते, म्हणून दोघांनीही तिलाच आधी चंदी टाकली.

मखमलाबाद_नाका
घोडा वाचू राह्यलो! बाबा, दंडवत.

पशुवैद्य_सिन्नर
यापेक्षा चांगलं मला लिहिता आलं नसतं. बाबांच्या चकरेला फक्त थर्मामीटर जोडा, कोणी मलूल दिसला तर. उभ्या घोड्याचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे आकडे भिंतीवर रंगवून ठेवा, मोबाइलमध्ये नको.

सातपूर_शिफ्ट
भिंतीवरून आठवलं, फळ्याचं काय ठरलं?

रपेट_गिरणारे
नवऱ्याचं म्हणणं व्हॉट्सॲप ग्रुप करू, फोटो टाकतील. मला फळा हवाय.

जुना_कॅडेट
फळा. लीदीच्या हातानं कोण फोन काढणार.

देवळाली_कॅम्प
फळासुद्धा नको, प्रत्येक ठाण्यावर लाकडी चकती. एका बाजूला पांढरी, एका बाजूला तांबडी. चंदी दिली की तांबडी. संध्याकाळी उलटी. न वाचता येणाऱ्यालाही कळतं.

लेक_मोतद्दाराची
बाबा म्हणतात चकती चांगली. त्यांच्याकडे दाराला दोरी बांधायचे.

पशुवैद्य_सिन्नर
चंदीबद्दल अजून एक, डब्यानं मोजू नका. हरभऱ्याचा डबा आणि ओट्सचा डबा वजनाला सारखे नसतात, चोकर (कोंडा) तर फारच हलका. एकदा वजनकाट्यावर प्रत्येक घोड्याचं माप काढा आणि दुपारीच ११ झाकणाच्या डब्यांत भरून नाव लावून ठेवा. हरभरा भिजवायचा असेल तर तोही त्याच डब्यात. डबा रिकामा म्हणजे चंदी झाली, दुसरा कोणी आला तर द्यायला डबाच नाही. आणि चोकर पोटभर देतात काही जण, त्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम कमी, वर्षानुवर्षं दिला तर हाडं ठिसूळ होतात. सोबत लसूणघास असू द्या.

मखमलाबाद_नाका
पाण्याचं कोणी बोललंच नाही. आपोआप भरणारे वाडगे मिळतात आता.

रपेट_गिरणारे
तेच विचारणार होते. ११ घोड्यांना ४०० लिटर लागतं रोज, उन्हाळ्यात जास्त. बादल्या वाहून माणसांचे खांदे गेलेत.

देवळाली_कॅम्प
लावून टाका.

लेक_मोतद्दाराची
बाबा नाही म्हणतायत. बादली उतरली नाही तर कळतं, वाडगं कायम भरलेलं दिसतं. घोडा पाणी पीत नाही हे पोटात दुखायच्या आधी कळलं पाहिजे.

पशुवैद्य_सिन्नर
बाबांच्या बाजूनं. मधला मार्ग असा, पाणी पाइपानं ठाण्यापर्यंत आणा, प्रत्येक दोन ठाण्यांत एक नळ, बादली तिथंच भरा. वाहणं वाचतं, मोजणं राहतं. निफाडकडे थंडीत पारा पाच-सहाच्या खाली जातो तेव्हा घोडे गार पाणी कमी पितात आणि सुक्या चाऱ्यावर पोट गच्च होतं. त्या दिवसांत कोमट पाणी.

इतिहास_पंचवटी
विषयांतर करतो पण मला राहवत नाही. देवळाली_कॅम्प विरुद्ध सातपूर, एक माणूस सगळं करणार की काम वाटून घेणार, याचं उत्तर शिवकाळात दिलेलं आहे. सरकारी पागेत २५ बारगीरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार. घोड्याची रोजची देखभाल ज्याची त्याची, पण २५ घोड्यांमागे एक पखालजी पाण्याला आणि एक नालबंद वेगळा. म्हणजे रोजची माया एका माणसाची, आणि जड काम किंवा कसबाचं काम वेगळ्याकडे. दोन्ही बाजू बरोबर आहेत.

आणि चिपळूणकडच्या छावणीला महाराजांनी पाठवलेलं ते पत्र प्रत्येक तबेल्यात लावावं असं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. गवताजवळ चुली नकोत, तंबाखू नको, दिवा उघडा ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात पळवतील आणि गंजी पेटतील. एवढा मोठा राजा उंदरानं पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो, मला दर वेळी भरून येतं.

सातपूर_शिफ्ट
वा. याला म्हणतात नियोजन.

रपेट_गिरणारे
आमची गवताची शेड ठाण्यांना लागून आहे... आणि लाइटचं एक वायरिंग उघडं आहे. उद्याच इलेक्ट्रिशियन बोलावते.

देवळाली_कॅम्प
शेड हलवा जमलं तर. ठाण्यांत दोन दिवसांचं गवत, बाकी लांब. गाठी जमिनीवर नको, लाकडी पट्ट्यांवर. ओलसर गवताची गंज आतून तापते, स्वतःहून पेटते. आणि बुरशीचा वास आला तर टाकून द्या, जीव तुटला तरी.

पशुवैद्य_सिन्नर
आणि गवत कमी पडलं म्हणून हिरवी ज्वारी आणू नका. गाईम्हशींच्या गोठ्यात चालते म्हणून लोक घोड्याला देतात, घोड्यांना त्यानं लघवीचा त्रास होतो, मागचे पाय लुळे पडतात.

मखमलाबाद_नाका
पुढच्या सिंहस्थाचंही धरा, २०२७ ला. त्या दिवसांत चाऱ्याची गाडी शहरातून येणार असेल तर अडकेल. महिनाभराचा साठा आधी. आणि बिबट्या! आमच्याकडे नाक्याच्या मागे दोनदा दिसला. वरचं अर्धं दार उघडं ठेवता का रात्री?

रपेट_गिरणारे
ठेवायचो. आता जाळी बसवलीय सगळीकडे, हवा राहते. आमचं कुत्रं गेलं मागच्या वर्षी तेव्हाच शहाणे झालो.

आई_साडेसहा_बॅच
पाच आठवडे झाले की हो. काय झालं पुढं?

रपेट_गिरणारे
सांगते. मुद्दाम थांबले होते, चार दिवस जमलं म्हणून लिहायचं आणि पाचव्या दिवशी मोडायचं असं नको होतं.

आता पहाटे पाचला चौघंही मोकळ्या हातानं चक्कर मारतात, प्रत्येक जण आपापल्या घोड्यांची. घोडे वाटून दिले, देवळालीच्या साहेबांचं ऐकलं. पाणी आणि मैदान दोन घोडेवाल्याकडे, तो आमचा पखालजी! मग गवत, मग ढकलगाडी, सहा फेऱ्या. फ्रेम सातपूरहून करून आणली, पहिली वाकली कारण चाकं लहान होती, दुसरी चांगली आहे. चंदी साडेआठला, डबे दुपारी भरून ठेवतो. रात्री नऊचं गवत मी स्वतः टाकते, आणि दाराला लाता मारणं जवळजवळ बंद झालं. चांदणी आता शांत उभी असते, मला अजून खरं वाटत नाही. तिचे खूर गार आहेत, डॉक्टर.

बॅच साडेसहाला सुरू होते. रोज नाही. गेल्या आठवड्यात दोनदा पावणेसात झाले. पोरांना सव्वासहाला बोलावतो, ब्रश करतात, एका पालकांनी नाव काढून घेतलं, बाकीच्यांची मुलं आता घोड्यासाठी गाजर घेऊन येतात. हेल्मेटला साइजप्रमाणे रंगीत टेप लावली, ते जुन्या कॅडेटनी फोनवर सुचवलं. फवारणीच्या दिवशी दिंडोरीकर आदल्या रात्री मेसेज करतात की शेजारच्या बागेत काय मारणार, एवढी ओळख झाली. हौद एकच बांधलाय, दुसरा दिवाळीनंतर.

आणि परवा पहाटेच्या चकरेत आमच्या सगळ्यात धाकट्या पोरानं सांगितलं, ताई, राजाची बादली भरलेलीच आहे. बाकी काही दिसत नव्हतं, गवतही खाल्लं होतं थोडं. डॉक्टरांना बोलावलं, पोट बांधत चाललं होतं, सकाळी आठलाच आटोक्यात आलं. त्या पोराला मी त्या दिवशी पगारी सुट्टी दिली तर गेलाच नाही, राजापाशी बसून राहिला.

लेक_मोतद्दाराची
बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या पोराचं नाव विचारतायत, आणि म्हणतायत एकदा तबेला बघायला यायचंय, नेणार का.

रपेट_गिरणारे
रविवारी गाडी पाठवते ओझरला. पहाटे साडेचारला निघावं लागेल म्हणजे पाचची चक्कर त्यांच्याबरोबर होईल.

लेक_मोतद्दाराची
तीनला उठून बसतील ते.

देवळाली_कॅम्प
मीही येतो. नालबंद कधी येतो तुमच्याकडे? ते विचारायचं राहिलंच. सहा ते आठ आठवड्यांनी अकराही घोडे एकाच दिवशी करत असाल तर तो दिवस सगळा कोलमडतो, दर दोन आठवड्यांनी तीन-तीन लावा.

रपेट_गिरणारे
एकाच दिवशी करतो साहेब. रविवारी वही घेऊन बसू.